खुनी आणि मृत एकाच अल्बमवर: ऐकावं का?

प्रश्न: नॉर्वेच्या मेहेम या बँडचा 'डे मिस्टेरीस डॉम सथानास' माझा फार आवडता अल्बम आहे. अलीकडे कळलं की यात गिटार वाजवणाऱ्याचा खून बेस वाजवणाऱ्यानेच केला. तेव्हापासून बेस ऐकू आला की मन उडतं. हे खरं आहे का? असेल, तर हा अल्बम ऐकत राहावं का? आणि त्या काळातले इतर नॉर्वेजियन ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा एक टोकाचा प्रकार) अल्बम किरकिरे वाटतात, मग हाच इतका भव्य कसा?

उत्तर: खरं आहे. गिटार युरॉनिमसची, बेस वार्ग विकेर्नेसचा. अल्बम बाहेर यायच्या आधीच, 10 ऑगस्ट 1993 रोजी, विकेर्नेसने ओस्लोत युरॉनिमसला भोसकून मारलं. 1994च्या मे महिन्यात त्याला 21 वर्षांची शिक्षा झाली. नॉर्वेत तेव्हा त्याहून मोठी शिक्षाच नव्हती. अल्बमही त्याच वर्षी आला.

तुम्ही एकटेच अस्वस्थ झालेले नाही. विकेर्नेसचा बेस काढून टाका, अशी विनंती युरॉनिमसच्या आईवडिलांनी ड्रमर हेलहॅमरला केली होती. त्याने होकार दिला, पण बेस होता तसाच ठेवला. मारणारा आणि मारला गेलेला एकाच रेकॉर्डवर असणं त्याला योग्य वाटलं, असं त्याने पुढे सांगितलं. मला हे आजही पटत नाही. बेसचा ट्रॅक बंद करून दुसऱ्याकडून वाजवून घेणं हे स्टुडिओतलं नेहमीचं काम आहे, मी स्वतः ते केलं आहे. मुलगा गमावलेल्या माणसांनी एवढंच मागितलं होतं.

तरीही ऐकत राहा, असंच मी म्हणेन. खुनामुळे या संगीतात काडीचीही भर पडलेली नाही. 'खून झाला म्हणून अल्बम थोर' असं सांगत फिरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कारण ज्यांनी तो थोर केला त्यांचं काम त्या गोष्टीखाली गाडलं जातं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ध्वनिमुद्रण नॉर्वेतल्या बर्गन शहराच्या ग्रीगहॉलेनमध्ये झालं. संगीतकार एडवर्ड ग्रीगच्या नावाचं हे सभागृह, शहराच्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचं घर. तिथले ध्वनिमुद्रक पिट्टेन. इमॉर्टल, एम्परर, बुर्झुम यांचेही अल्बम त्यांनीच तिथे रेकॉर्ड केले. हेलहॅमरचे ड्रम्स त्यांनी मोठ्या जागेत वाजू दिले. हेडफोन लावून फक्त स्नेअरकडे, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमकडे, कान द्या. फटका बसल्यावर आवाज लगेच मरत नाही, त्याला मागे जायला जागा आहे. एवढ्या वेगात असा गुंजणारा आवाज सहज लगदा होतो. इथे हेलहॅमरचा हात इतका समान आहे की प्रत्येक फटका सुटा राहतो. त्याच वर्षी आलेला डार्कथ्रोन या दुसऱ्या नॉर्वेजियन बँडचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' शेजारी ठेवून बघा. तो चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर घरगुती पद्धतीने केलेला, मुद्दाम कोरडा आणि खरखरीत. तोही मला प्रिय आहे, पण दोन्ही बँडना हवं होतं ते वेगळं.

मेहेमच्या अल्बममधल्या 'फ्रीझिंग मून' या गाण्याची सुरुवातही अशीच नीट ऐका. तारा एकेक छेडलेल्या, सूर एकमेकांत मिसळू दिलेले, आणि बराच वेळ काही घाई नाही. पुढे युरॉनिमसचा सोलो येतो, त्यातही करामत दाखवायची हाव नाही.

गायक हंगेरीचा अटिला चिहार. त्याने किंचाळायचं सोडून खर्जात पठण केल्यासारखं गायलं, विशेषतः शेवटच्या गाण्यात. ते तेव्हा अनेकांना रुचलं नव्हतं, कारण सगळ्यांच्या कानात आधीच्या गायकाचा आवाज होता. तो स्वीडनचा पेर ओहलिन, टोपणनाव 'डेड'. अल्बममधले बरेचसे शब्द त्याचेच. त्याने एप्रिल 1991मध्ये आत्महत्या केली. युरॉनिमसने पोलिसांना कळवण्याआधी मृतदेहाचे फोटो काढले, आणि त्यातला एक पुढे एका चोरट्या रेकॉर्डच्या वेष्टनावर छापला गेला. तो शोधू नका, कुणी पाठवला तर पुढे ढकलू नका. मेलेल्या मुलाच्या फोटोचा ब्लॅक मेटलशी काही संबंध नाही.

युरॉनिमसच्या त्या वागण्याने बँडचा मूळ बेसिस्ट नेक्रोबुचर चिडला आणि बाहेर पडला. विकेर्नेस आला तो त्याच्या रिकाम्या जागी. म्हणून तुमच्यासाठी एक वाट सुचवतो. 'लाइव्ह इन लाइपझिग' ही 26 नोव्हेंबर 1990च्या मैफलीची रेकॉर्ड मिळवा. 'फ्युनरल फॉग', 'फ्रीझिंग मून', 'पेगन फिअर्स' आणि 'बरीड बाय टाइम अँड डस्ट' ही अल्बममधली चार गाणी तिथे आहेत. आवाज डेडचा, बेस नेक्रोबुचरचा. रेकॉर्डिंग ओबडधोबड आहे, पण गाणी तोवर जवळजवळ पूर्ण घडलेली होती हे स्पष्ट कळतं. काही दिवस तीच ऐका आणि मग अल्बमकडे परत या.