मधले सूर बिघडलेला पियानो

प्रश्न: माझा नातू जर्मनीत शिकतो. त्यानं व्हायोलिन आणि पियानोची एक चीज फोनवर पाठवली, 'श्पीगल इम श्पीगल', रचनाकार आर्वो पॅर्ट. दहा मिनिटं कान देऊन ऐकली. व्हायोलिन आपलं दोन सूर पुढे, दोन मागे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरी पहिल्या महिन्यात याहून बरे पलटे म्हणतात. नातू म्हणतो, हा फार मोठा माणूस आहे आणि आधी भयंकर अवघड लिहायचा. मग असं काय झालं? वय झालं म्हणून? आणि हे पेटीवर वाजेल का?
– एक आजी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: सही 'आजी' अशी केलीत, पण अक्षरावरून माझ्याच बरोबरीच्या दिसता, म्हणून ताई म्हणतो. ताई, वयाचं राहू द्या. ही चीज १९७८ची. पॅर्ट जन्मले ११ सप्टेंबर १९३५ला, एस्टोनियात. म्हणजे तेव्हा ते बेचाळीस-त्रेचाळीसचे. आपल्याकडे त्या वयाच्या गवयाला अजून 'होतकरू' म्हणतात.

लहानपणी राक्वेरे गावात त्यांच्या घरी एक जुना पियानो होता. त्याचे मधले सूर बिघडलेले, वरचे आणि खालचे तेवढे धड. पोरगा त्यावरच खटपट करायचा. हे वाचलं तेव्हा मी हसलो, कारण मी चाळीस वर्षं रामबागेत पेटीची साथ करतोय आणि एकदा दुरुस्तीवाल्यानं माझ्या पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, मुकी करून परत दिली होती. पंधरा दिवस तशीच साथ केली. सूर नसला की त्याच्या वरचं-खालचं सगळं फार स्पष्ट ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं. दुरुस्तीवाल्याला अर्थात हे मी सांगितलं नाही.

पुढे पॅर्टनी एस्टोनियन रेडिओत साउंड इंजिनिअरची नोकरी केली, ताल्लिनला रचना शिकले. १९६०मध्ये 'नेक्रोलॉग' लिहिलं. त्यात बाराही सुरांना सारखाच मान, कुणी षड्ज नाही. सोव्हिएत राजवटीतल्या वरिष्ठांना ते रुचलं नाही. मग १९६८चं 'क्रेडो'. त्यात बाख या जुन्या जर्मन रचनाकाराचं सी मेजरमधलं शांत प्रील्यूड येतं, त्याच्या अंगावर बारा सुरांचा कल्लोळ तुटून पडतो, आणि शेवटी बाखच उरतो. त्यात 'मी येशूवर विश्वास ठेवतो' असं उघड गायलं होतं, म्हणून ते पुन्हा वाजवायला बंदी आली. नातू 'अवघड' म्हणतो ते हेच.

यानंतर जवळजवळ आठ वर्षं हा माणूस गप्प. मध्ये १९७१ची तिसरी सिंफनी सोडली तर मोठं असं काही नाही. एका दुकानात ग्रेगोरियन गायनाचा, म्हणजे चर्चमधल्या जुन्या प्रार्थनागीतांचा, छोटासा तुकडा कानावर पडला होता. एकच ओळ, साथ नाही, ताल नाही. तो डोक्यातून जाईना. मग वह्याच्या वह्या एकेरी ओळींनी भरत बसले.

इंदुरात बसून हे वाचताना देवास आठवणारच. कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, १९४८च्या सुमारास क्षयाचं दुखणं घेऊन तिथे आले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं, आणि पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानात साठत गेली. तुलना ताणू नये. कुमारजींचा गळा दुखण्यानं बंद ठेवला होता, पॅर्टना लिहायला कुणी अडवलं नव्हतं. पण दोघेही परतले ते दुसऱ्यांच्या साध्या चाली ऐकून.

१९७६मध्ये 'फ्युर अलिना' आलं, पियानोवरची दोन पानं. दोन्ही हातांचे सूर एकदमच पडतात. उजवा हात चाल म्हणतो. डावा फक्त सा, कोमल गंधार आणि पंचम, एवढ्यातच फिरतो. या पद्धतीला पॅर्टनी नाव दिलं 'टिनटिनाबुली', लॅटिनमधल्या घंटेवरून. तुम्ही म्हणाल, हा तर आपला तानपुरा. जवळपास तसंच, पण तानपुरा गवयाकडे लक्ष न देता आपला चालू असतो. इथे चालीच्या प्रत्येक सुराला जोडीचा सूर नियमानं ठरतो. अख्ख्या रचनेत डावा हात एकदाच नियम मोडून रिषभावर जातो, आणि त्या जागी स्वरलिपीत पॅर्टनी एक फूल काढून ठेवलंय.

१९८०मध्ये ते बायको-मुलांसह देश सोडून व्हिएन्नाला निघाले, मग बर्लिनला राहिले. सरहद्दीवर सामान तपासताना सात बॅगांत स्वरलिप्या, तबकड्या आणि टेपाच निघाल्या, तेव्हा पहारेकऱ्यांनी ते संगीत तिथेच लावून ऐकलं. पुढे बऱ्याच वर्षांनी ते एस्टोनियाला परतले.

आता तुमची चीज. नावाचा अर्थ 'आरशात आरसा'. पांढरी चार हा षड्ज धरा. व्हायोलिन म्हणतं: रे ग. मग त्याचं प्रतिबिंब: म ग. मग सा रे ग, आणि प म ग. दर वेळी एक सूर वाढतो, पण मुक्काम गंधारावरच. तुमच्या पोरींचे पलटे षड्जावर घरी येतात, याचं घर गंधार आहे. पोरींचा पलटा एका दमात संपतो, इथे एकेका सुराला दम लागतो.

पेटीवर वाजेल, छान वाजेल. शेजारी एखादीला सा-ग-प सुटे सुटे, अगदी सावकाश वाजवायला बसवा. भाता असा हलवा की गंधार लांबताना हेलकावणार नाही; सगळी मेहनत तिथेच आहे. माझ्या पेटीवर ऐकायला मात्र येऊ नका. पांढरी चारचा गंधार म्हणजे नेमकी पांढरी सहा, आणि ती नवी पत्ती घातल्यापासून गुणगुणते.