अंबरमध्ये (झाडाच्या जीवाश्म झालेल्या राळेत) अडकलेला रोव्ह बीटल (आखूड पुढच्या पंखांचा भुंगेरा) कोणत्या उपकुळातला, हे कसं ओळखायचं?

शृंगिका (अँटेना) डोक्यावर नेमकी कुठून निघते आणि पावलांत किती खंड आहेत, ते आधी पाहा. नुसत्या आखूड पुढच्या पंखांवर विसंबू नका, ते इतर काही भुंगेऱ्यांतही असतात. शृंगिकेचं मूळ दोन्ही डोळ्यांच्या पुढच्या कडा जोडणाऱ्या रेषेच्या मागे असेल, तर तो बहुधा अ‍ॅलिओकॅरिनी या उपकुळातला. स्टेनिनी या दुसऱ्या उपकुळातही ती वरूनच निघते, पण त्यांचे टपोरे डोळे डोक्याची जवळजवळ पूर्ण बाजू व्यापतात, त्यामुळे गफलत होत नाही. अडचण बाल्टिक समुद्राच्या परिसरातल्या अंबरची: त्यात पोटाकडची बाजू अनेकदा दुधाळ थराखाली दडलेली असते. तिथे मायक्रो-सीटी स्कॅन (क्ष-किरणांनी घेतलेलं सूक्ष्म त्रिमितीय चित्र) लागतं. जननेंद्रियं दिसल्याशिवाय आजच्या एखाद्या प्रजातीचं नाव मात्र कृपया लावू नका.