ही चीज, हे चीज आणि ‘चीजचे सादरीकरण’

प्रश्न ऐरोलीहून आलाय. एका ताईंच्या गाण्याच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम आहे आणि निमंत्रणपत्रिकेच्या कच्च्या मजकुरात ‘गुरुजींनी बांधलेल्या चीजचे सादरीकरण’ असं आलंय. त्या विचारतात : इथे ‘चीज’ हवं की ‘बंदिश’ (दोन्ही म्हणजे रागातालात बांधलेली गाण्याची रचना)? ‘चीज’ स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी? आणि ‘कष्टाचं चीज झालं’ म्हणतो ते चीज हेच का?

ताई, आधी ते ‘चीजचे’ खोडा. बाकीचं मग बोलू.

चीजचे सादरीकरण आमच्याकडे ठाण्यात गोखले रोडवर रोज संध्याकाळी होतं. सँडविचवाला पिवळी वडी किसणीवर धरतो, ब्रेड दिसेनासा होईपर्यंत किसतो आणि वर विचारतो, ‘अजून टाकू?’ ते चीज इंग्रजीतून कालपरवा आलंय. अशा नव्या शब्दाला मराठी सहसा वाकवत नाही, नुसता प्रत्यय चिकटवते : ब्रेडचा, बटरचं, चीजचं. गाण्यातली चीज मात्र घरात मुरलेली आहे. ती वीज, वीट, जीभ यांच्या पंगतीत बसते. विजेचा, विटेचा, जिभेचा, तसं चिजेचा. अनेक असतील तर विजा, विटा, चिजा. आणि तिथे ‘चि’ ऱ्हस्व. ‘चीजा’ लिहिणारे पावसाळ्यात ‘वीजा कडाडल्या’ असंही लिहीत असणार. तेव्हा लिंगाचा प्रश्न निम्मा इथेच मिटला : ही चीज गायची, हे चीज खायचं.

मध्यंतरी घंटाळीजवळच्या एका सभागृहात निवेदिकाबाईंनी मोठ्या प्रेमाने जाहीर केलं, ‘आता ऐकू या एक सुंदर असं पारंपरिक चीज.’ माझ्या मागच्या रांगेतल्या दोन पोरांपैकी एक दुसऱ्याला म्हणाला, ‘एक्स्ट्रा?’ मी मागे वळून बघितलं खरं, पण रागवायचं कोणावर ते ठरेना. पोराचं व्याकरण बाईंपेक्षा पक्कं होतं.

‘वस्तू’ हा चिजेचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. चीजवस्तू गोळा करणं, ‘तो काय चीज आहे तुला माहीत नाही’ वगैरे. ते सोडून देतो. (चीजवस्तूत एक फारसी, एक संस्कृत, अर्थ दोघांचा एकच. बाजारहाट, कागदपत्र, धनदौलत ही त्याच जातीची जोडपी. असली लग्नं लावायची मराठीला भारी हौस.) खरी गंमत त्याच्या मागे आहे.

आमच्या ठाण्यात एक जाणकार आहेत. तलावपाळीच्या सकाळच्या फेरीत भेटतात. संस्कृताबाहेरून आलेला शब्द दिसला की त्यांना तो आपला व्यक्तिगत अपमान वाटतो. त्यांचा सिद्धान्त असा : चित् अधिक ज. सत् आणि जन मिळून सज्जन होतो, त्याच संधीने चित् आणि ज मिळून चिज्ज. पुढे ‘अज्ज’चा आज झाला, ‘विज्जु’ची वीज झाली, तशी ‘चिज्ज’ची चीज. अर्थ काय, तर चैतन्यातून जन्मलेली ती चीज! ऐकायला इतकं गोड की एकदोन गायनवर्गांत हे आता मुलांना शिकवतातसुद्धा. नियम दोन्ही बिनचूक आहेत हो. फक्त प्राकृतात ‘चिज्ज’ हा शब्द गाण्याच्या अर्थाने कुठे आलाय तेवढं दाखवा म्हटलं, की ते चहा सांगतात.

चीज फारसीच. तिथे तिचा अर्थ वस्तू, आणि ‘काही’, ‘काहीतरी’ असाही. शेवटचा उच्चार बाजार, जमीन, जोर, मजा यांतला. त्या सगळ्यांचा आपण जसा दंततालव्य ज केला तसा हिचाही केला. इथपर्यंत कोणताही कोश सांगेल आणि थांबेल. कोश नेमके मजा सुरू व्हायच्या आधी का थांबतात, देव जाणे.

इराणात बेहिस्तून नावाचा कडा आहे. त्यावर दरायस राजाने इसवीसनापूर्वी ५२०च्या सुमारास आपला पराक्रम कोरून घेतला. गौमात नावाच्या तोतयाने गादी बळकावली होती. राजा म्हणतो, मी येईपर्यंत त्या गौमाताबद्दल कोणाचीही काही बोलायची छाती झाली नाही. यातल्या ‘कोणी’साठी त्या प्राचीन फारसीत शब्द आहे ‘कश्चिय्’. आणि ‘काही’साठी ‘चिश्चिय्’. जरा मोठ्याने म्हणून बघा. कश्चिय् म्हणजे आपला कश्चित्, एक त् काय तो गळालाय. चिश्चिय्‌मधला पहिला तुकडा संस्कृत किम्‌च्या कुळातला, आणि दुसरा तर सरळ आपला चित्, ‘किंचित्’मधला. हा चिश्चिय् शतकानुशतकं झिजत गेला आणि त्याची झाली चीज.

म्हणजे चीज आणि किंचित् ही चुलत भावंडं! हे मला पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मी झोपलो नाही, घरचे साक्षीला आहेत. तलावपाळीवाले ज्या चित्‌च्या शोधात होते तो अखेर सापडला, पण चैतन्याचा चित् वेगळा आणि किंचित्‌चा वेगळा. हे मी त्यांना समजावून सांगायला गेलो ही चूक झाली. तेव्हापासून ते ‘मी म्हटलंच होतं’ असं सांगत फिरतायत.

आता पुढचा धागा धरा. मैफलीत जुन्या वळणाचा गवई दाद मिळाल्यावर झुकून म्हणतो, ‘नाचीज आहे हो मी.’ ना-चीज, म्हणजे जो काहीच नाही तो. संस्कृतात याला काय म्हणतात? अकिंचन. अ-किंचन, ज्याच्यापाशी काहीच नाही तो. साचा तोच, धातूही तोच. खाँसाहेबांचा नाचीज आणि कीर्तनकारबुवांचा अकिंचन एकाच मुशीतून निघालेत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

आणि इथेच ‘कष्टाचं चीज’ येतं. हा माझा तर्क आहे, कोणाचा उसना नाही, तेव्हा भांडायचं तर माझ्याशी भांडा. जे अजून नाचीज आहे, ज्याची गणती ‘काहीच नाही’ अशी होते, त्याचं ‘काहीतरी’ होणं म्हणजे चीज होणं. कष्ट केले, वर्षं गेली, हाती शून्य. मग एक दिवस त्या शून्याचं काहीतरी झालं. म्हणून कष्टाचं चीज, श्रमांचं चीज, जन्माचं चीज. शब्द तोच, फक्त लिंग बदललं, कारण ही चीज ‘सार्थक’च्या जागेवर येऊन बसली. जन्माचं सार्थक झालं, जन्माचं चीज झालं. खुर्ची नपुंसकलिंगी होती, बसणारीही तशीच झाली. एकदा बसली ती हललीच नाही : हे चीज फक्त होतं किंवा करतात. ‘कष्टाच्या चिजेला’ असं कोणी म्हणत नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारा प्रयोग. ‘मिळालेल्या संधीचं चीज करून ती पार्श्वगायिका झाली.’ वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आठवड्याला एकदा तरी हे वाचायला मिळतं. संधीचं चीज होत नाही हो, संधीचं सोनं होतं! जे बाहेरून आपल्या पदरात पडतं त्याचं सोनं करायचं. जे आपण आपल्या अंगचं खर्च केलं त्याचं चीज व्हायचं. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घरातून पळाले, उत्तरेत वणवण केली आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे घरकाम करत शिकले. त्या पायपिटीचं चीज झालं, असं म्हणा. ‘स्वप्नांचं चीज झालं’ हेही हल्ली ऐकू येतं. स्वप्नं बघायला कसले कष्ट पडतात? स्वप्नं साकार होतात, तेवढं पुरे.

बंदिशीचं राहिलंच.

एका संगीतविषयक सदरात मध्ये वाचलं की ‘चीज’ हा शब्द आता निवृत्त करावा, कारण कलाकृतीला ‘वस्तू’ म्हणणं हिणकस आणि परकं आहे. त्याऐवजी ‘बंदिश’ हा ‘आपला’ शब्द वापरावा. अहो, बंदिशही फारसीच! शेवटचा ‘इश’ ऐका की. मालिश, फर्माईश, तसंच शिफारस आणि बक्षीस; सगळ्यांना तेच शेपूट. त्यातला ‘बंद’ संस्कृत बंधाचा नातलग आहे खरा, पण मग चीजही किंचित्‌ची नातलग आहे. एकीला आत घ्यायचं आणि दुसरीला दारात उभं करायचं, हा कुठला न्याय? आणि ‘वस्तू’ म्हटल्याने चीज हिणकस होत असती तर गवयांनी ती जिवापाड जपली नसती.

कारण गवयाच्या लेखी चीज ही मालमत्ता होती. बंदिश म्हटलं की नजर जाते बांधणीकडे : शब्द तालात कसे बसलेत, मुखडा (सुरुवातीची ओळ) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा उतरतो. बंदिश घट्ट असते, सैल असते, बांधेसूद असते. चीज मात्र असते किंवा नसते. चीज देतात, घेतात, लपवतात, चोरतात. लेकीच्या लग्नात हुंड्यात चिजा दिल्याच्या गोष्टी घराण्याघराण्यांत सांगतात. ‘त्यांच्याकडे बंदिशी आहेत’ याने काही होत नाही; ‘त्यांच्याकडे चिजा आहेत’ म्हटलं की समोरचा सावरून बसतो. मालकाची सहीसुद्धा टोपणनावाच्या रूपाने चिजेत असते. फैयाज खाँ ‘प्रेमपिया’, विलायत हुसेन खाँ ‘प्राणपिया’, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’. आणि ज्यांनी घराण्यांकडच्या चिजा मिळवून स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत सगळ्या जगापुढे मांडल्या ते भातखंडे शिक्षणाने वकील. मालकीहक्काचा प्रश्न त्यांना कळला नसेल असं म्हणवत नाही.

मराठी माणसाला तर चीज नाटकातून भेटली. भास्करबुवा बखल्यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडून कमावलेलं १९१६ साली ‘स्वयंवर’च्या पदांत ओतलं. जुन्या नाटकांची पुस्तकं उघडून बघा : पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात राग, ताल आणि पुढे ‘चाल’ म्हणून मूळ चिजेचे पहिले दोनचार शब्द. माझ्या आजोबांनी त्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या आहेत. बखल्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव, आणि कृष्णरावांकडे शिकलेले राम मराठे. रामभाऊ आमच्या ठाण्याचे. अनवट राग आणि चिजांचा केवढा साठा त्यांच्यापाशी, असं इथली जुनी माणसं अजून सांगतात. १९६३च्या ‘मंदारमाला’ नाटकात त्यांनी संगीतही दिलं आणि गायलेही. महापालिका त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते. तेव्हा बघा : मंदारमालेच्या संधीचं त्यांनी सोनं केलं, आणि चिजा गोळा करण्यात घातलेल्या वर्षांचं चीज झालं. दोन्ही वाक्प्रचार एकाच माणसात, आपापल्या जागी.

मला स्वतःला पहिली चीज मिळाली ती विजेच्या बिलाच्या पाठीवर. गुरुजी गात होते, हाताशी दुसरा कागद नव्हता. मी अस्ताई, म्हणजे चिजेचा पहिला भाग, भराभर लिहून घेतली, समेच्या अक्षराखाली भातखंडे पद्धतीने फुली मारली आणि मोठ्या ऐटीत त्यांना दाखवली. फुली एक अक्षर अलीकडे पडली होती. त्यांनी बिल उलटं केलं, रक्कम वाचली, ‘बरंच आलंय’ म्हणाले आणि घडी घालून माझ्या खिशात कोंबलं. पुढचे तीन आठवडे नुसती अस्ताई. अंतऱ्याचं, म्हणजे दुसऱ्या भागाचं, नावही काढलं नाही. चौथ्या आठवड्यात म्हणाले, ‘आता ही चीज तुझ्याकडे आहे.’ बंदिश पहिल्याच दिवशी बिलावर उतरली होती. चीज यायला महिना लागला.

तर ताई, तुमची पत्रिका. गुरुजींनी स्वतः बांधलेल्या आहेत ना? मग ‘गुरुजींच्या बंदिशी’ लिहा. ‘चिजा’ लिहिलंत तरी चूक नाही, चीज बांधली असंही म्हणतात. त्यांना त्यांच्या गुरूंकडून आलेल्याही त्यात असतील तर ‘गुरुजींच्या बंदिशी आणि परंपरेतल्या चिजा’ असं करा. आणि ते ‘सादरीकरण’ काढून सरळ ‘गायन’ घाला. सादर म्हणजे आदरासह. त्याला ‘करण’ जोडून कोणी काय साधलं यावर मी वेगळा भांडणार आहे. मध्यंतरात सँडविच ठेवणार असाल तर चीज घाला. ते नपुंसकलिंगी, आणि जरा हात सैल सोडून.