ग्रामर बरोबर, तरी निबंध सपक?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, इंग्लिश निबंधावर बाईंनी शेरा मारलाय, 'सगळी वाक्यं एकाच मापाची'. ग्रामर तर बरोबर आहे, मग चुकलं काय?

उत्तर : चुकलं काहीच नाही हो, फक्त ठेका नाहीये. चर्चिलचं ४ जून १९४० चं पार्लमेंटमधलं भाषण घ्या, फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्य नुकतंच परत आणलेलं, आणि हा माणूस 'वी शॅल फाइट', 'वी शॅल फाइट' म्हणत बीचवरून शेतात, रस्त्यांवर, टेकड्यांवर जातो, कानाला सवय लागते आणि मग एकदम 'वी शॅल नेव्हर सरेंडर'. साचा मोडला की ठोका तिथेच बसतो.

दुसरं म्हणजे आपलं क्रियापद शेवटी येतं, इंग्लिशमधे ते आधीच येऊन जातं, त्यामुळे शेवटची जागा मोकळी राहते आणि तिथे जे ठेवाल तेच लक्षात राहतं. 'ही डाइड आफ्टर अ लाँग इलनेस' ही बातमी झाली. 'आफ्टर अ लाँग इलनेस, ही डाइड' म्हटलं की वाचणारा क्षणभर थांबतो. (स्वल्पविराम विसरू नका, तो थोडं थांबवतो.)

मुलीला निबंध मोठ्याने वाचायला सांगा, जिथे सूर रटाळ होईल तिथे एक चार शब्दांचं वाक्य टाकायचं. प्रत्येक ओळीत नको मात्र, नाहीतर निबंध टेलिग्रामसारखा तुटक होतो.