दाढ वाचवण्याचा खर्च: एफडी मोडण्याआधी

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक वाचकांनी विचारले आहे की, पायोरियामुळे त्यांच्या खालच्या दोन दाढांभोवतीचे हाड झिजले असून, एका डॉक्टरांनी अगदी लहान छेद देऊन हाड पुन्हा भरून आणणारी शस्त्रक्रिया सुचवली आहे. दोन्ही दाढांचा खर्च ५२,००० रुपये आहे. दुसरे डॉक्टर दाढा काढून इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात) बसवा म्हणतात, त्याला ८०,००० रुपये लागतील. हाताशी मुलीच्या पुढील जूनमधील प्रवेशासाठी ठेवलेली दीड लाखाची एफडी आहे आणि केळीच्या कांदेबागेची काढणी चार महिन्यांवर आहे. वाचकांचे वय ४६ असून त्यांना मधुमेह व तंबाखूची सवय आहे. एफडी मोडावी, की क्लिनिकचे सहा बिनव्याजी हप्ते घ्यावेत?

आपण एक्स-रेचा अहवाल सोबत पाठवलात हे फार चांगले केले, कारण पैशाचा निम्मा निर्णय त्यातच आहे. अहवालानुसार उजव्या दाढेलगत हाडात खोल व अरुंद असा उभा खड्डा आहे, तर डाव्या दाढेभोवतीचे हाड सर्व बाजूंनी सारखेच खाली गेले आहे आणि ती दाढ हलते आहे. ही शस्त्रक्रिया मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी आहे. खड्डा ३ मिलिमीटर किंवा त्याहून खोल असेल आणि त्याला हाडाच्या भिंती शिल्लक असतील, तर आत साठलेली रक्ताची गुठळी जागच्या जागी टिकते व तेथे नवे हाड धरू शकते. हिरडी कमीत कमी उघडण्यामागचा हेतूही हाच असतो. सपाट झिजेत गुठळीला आधारच नसल्यामुळे गेलेले हाड परत येण्याची आशा फार थोडी असते. मी दंतवैद्य नाही, म्हणून हे हिरड्यांच्या एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) तज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि प्रत्येक दाढेचे अंदाजपत्रक वेगळे लिहून मागा. डावी दाढ यातून वगळली गेली, तर आपला प्रश्न ५२,००० रुपयांचा नसून साधारण २६,००० रुपयांचा आहे.

आपल्याला मिळालेल्या अंदाजपत्रकात हाडाची भुकटी आणि मेम्ब्रेन (खड्ड्यावर घालायचा पातळ पडदा) यांची रक्कम स्वतंत्र दाखवली आहे, तिच्याकडेही लक्ष द्या. इटलीतील कॉर्तेलिनी आणि टोनेत्ती यांनी २०११ साली ४५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत एका गटात केवळ लहान छेदाची शस्त्रक्रिया, दुसऱ्यात तिच्या जोडीला हाड वाढवणारे प्रथिन, तर तिसऱ्यात प्रथिन आणि हाडाची भुकटी असे दोन्ही वापरले होते. तिन्ही गटांच्या निकालांत लक्षणीय फरक आढळला नाही. चाचणी लहान होती आणि रुंद खड्ड्याला भरावाची गरज लागू शकते. तरीही “माझ्या खड्ड्यात हे साहित्य कशासाठी हवे?” असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

इम्प्लांट एकदा बसवला की काम संपले, हा समज मात्र सोडून द्यावा. ज्याला पायोरिया झाला आहे, त्याच्या इम्प्लांटभोवतीचे हाडही तशाच संसर्गाने झिजण्याचा धोका अधिक असतो, त्यामुळे दर तीन-चार महिन्यांच्या तपासणी-सफाईचा खर्च दोन्ही मार्गांत सारखाच धरावा लागतो. याच संशोधकांनी ५० रुग्णांची १० वर्षे पाहणी केली, त्यात जवळजवळ गेल्यात जमा असलेल्या दातांपैकी ८८ टक्के दात हाड भरून आणणाऱ्या उपचाराने टिकले आणि एकूण खर्च दात काढून नवे बसवण्यापेक्षा कमी आला. पण ते रुग्ण नियमित तपासणीला येणारे होते. म्हणून उजवी दाढ वाचवण्याच्या बाजूने माझे मत आहे.

मात्र आज पैसे भरू नका. आधी डीप क्लिनिंग (हिरडीखालची खोल सफाई) करून घ्या आणि साधारण तीन महिन्यांनी हिरड्यांची फेरमोजणी करा. कधी कधी एवढ्यानेच शस्त्रक्रियेची गरज टळते. या काळात एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ७ च्या आसपास आणा आणि तंबाखू पूर्णपणे सोडा. अनियंत्रित साखर आणि तंबाखू असताना केलेल्या शस्त्रक्रियेचे यश घटते आणि ते पैसे परत मिळत नाहीत. हे मी कळकळीने लिहितो आहे, भाऊ, कारण आपल्या दाढेचे भवितव्य कोणत्याही महाग साहित्यापेक्षा यावर जास्त अवलंबून आहे.

या तीन महिन्यांत काढणीही जवळ येईल. तोवर रक्कम जमली नाही, तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. बँका त्यावर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त व्याज लावतात. दर ९ टक्के धरला, तर २६,००० रुपयांवर चार महिन्यांचे व्याज ७८० रुपये होते. आपणच लिहिले आहे की रोखीने पैसे दिल्यास क्लिनिक १० टक्के सूट देते. म्हणजे २६,००० चे हप्ते घेताना २,६०० रुपयांची सूट सुटते आणि तेच त्या हप्त्यांचे व्याज आहे. पीककर्जाच्या रकमेला हात लावू नका, कारण परतफेड लांबली तर व्याजसवलत जाते. मेडिक्लेमवरही भिस्त ठेवू नका. बहुतेक पॉलिसी अपघात वगळता दातांचा खर्च देत नाहीत. पैसे भरण्यापूर्वी धुळ्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दंत महाविद्यालयातील हिरडी विभागात दुसरे मत अवश्य घ्या.

डावी दाढ काढावी लागलीच, तर इम्प्लांटचा निर्णय मुलीच्या प्रवेशानंतर घेतला तरी चालेल का, हे तेथेच विचारा.