पाकिस्तानातली सत्तांतरं वाचताना

अनेक आशीर्वाद.

पाकिस्तानातल्या सत्तांतरांवर तू जे लिहिणार आहेस, त्याचा आराखडा वाचला. १९५८, १९७७ आणि १९९९ या तीन लष्करी बंडांवर तो उभा आहे. तसाच ठेवलास तर निम्मा विषय हातातून निसटेल. १९८८ ते १९९६ या काळात चार सरकारं बरखास्त झाली, आणि एकदाही मार्शल लॉ पुकारावा लागला नाही.

ती गेली पाकिस्तानी राज्यघटनेतल्या कलम ५८ (२) (ब) मुळे. १९७७च्या बंडाने सत्तेवर आलेले जनरल झिया उल हक यांच्या काळात, १९८५च्या आठव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांना नॅशनल असेंब्ली बरखास्त करता येऊ लागली. पंतप्रधान गेले ते असे: १९८८ला जुनेजो, १९९०ला बेनझीर भुट्टो, १९९३ला नवाझ शरीफ, १९९६ला पुन्हा बेनझीर. यातलं १९९३चं प्रकरण सर्वांत आधी वाच. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष गुलाम इसहाक खान यांनी शरीफना काढलं. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत बसवलं. जुलैत लष्करप्रमुख अब्दुल वहीद काकर मध्ये पडले आणि राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान दोघेही राजीनामे देऊन घरी गेले. खटला जिंकलेला पंतप्रधान दोन महिनेही टिकला नाही! १९९७मध्ये शरीफ यांनी हे कलम काढून टाकलं. त्यानंतर १९९९मध्ये त्यांचं सरकार पाडायला सैनिकच आणावे लागले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ते बंड करणाऱ्या जनरल मुशर्रफ यांनी २००३मध्ये ते कलम परत आणलं, २०१०च्या अठराव्या दुरुस्तीने ते पुन्हा गेलं.

आता एक तक्ता कर. लष्करप्रमुख कोणी नेमला, कुणाला डावलून, मुदत कधी संपणार होती, सरकार कधी पडलं. पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंनी मार्च १९७६मध्ये अनेक ज्येष्ठांना डावलून झियांना वर आणलं. जुलै १९७७मध्ये झियांनीच त्यांना अटक केली. शरीफनी ऑक्टोबर १९९८मध्ये मुशर्रफना असंच निवडलं. वर्षभरानं तेच झालं. उपकृत माणूस मिंधा राहील, हा हिशेब दोनदा चुकला.

न्यायालयासाठी वेगळा रकाना ठेव. १९५८चा दोसो खटला, १९७७चा नुसरत भुट्टो खटला आणि मे २०००चा जफर अली शाह खटला, तिन्हींत बंडाला मान्यता मिळाली. शेवटच्यात मुशर्रफना तीन वर्षांची मुदत आणि वर घटना बदलण्याची मुभाही. मात्र नुसता निकाल वाचशील तर फसशील. जानेवारी २०००मध्ये न्यायाधीशांना नवी शपथ घ्यायला लावली होती. सरन्यायाधीश सईदुझ्झमान सिद्दिकी यांच्यासह ज्यांनी नकार दिला ते बाहेर गेले. तेव्हा आधी खंडपीठावर कोण उरलं होतं ते तपास.

बंडाच्या वेळी प्रत्यक्ष कारवाईला उतरणाऱ्या रावळपिंडीच्या १११ ब्रिगेडवर एक परिच्छेद पुरे. वाचकाला ती आवडते, पण ती फक्त हुकूम पाळते.

पुराव्याबाबत घाई नको. १९९०च्या निवडणुकीत लष्करी अधिकाऱ्यांनी राजकारण्यांना पैसे वाटल्याचा असगर खान खटला १९९६चा, निकाल २०१२चा. म्हणून २०२२बद्दल 'पंतप्रधान इम्रान खानना लष्करानं पाडलं' असं सरळ ठोकून देऊ नकोस. अविश्वास ठरावाला १७४ मतं पडली, १७२ लागत होती. लष्कराने सत्तर वर्षं राजकारणात ढवळाढवळ केली आणि फेब्रुवारी २०२१मध्ये ती थांबवायचं ठरवलं, असं लष्करप्रमुख जनरल बाजवा नोव्हेंबर २०२२मध्ये निरोपाच्या भाषणात म्हणाले. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांड आणि मित्रपक्ष कोणत्या तारखेला फुटले ते त्यांच्याखाली लिही.

तक्ता झाला की पाठव. प्रकरणं नंतर पाडू.