गेममधला ड्रमर आणि खरा ड्रम सेट

प्रश्न : मुलगा नववीत आहे. वर्षभर ‘रॉक बँड’ हा गेम प्लास्टिकच्या ड्रमवर खेळतो. सगळ्यात अवघड पातळीवरही क्वचितच चुकतो. आता खरा ड्रम सेट मागतोय, पुढे संगीतातच जायचं म्हणतोय. सेट घ्यावा का? – एक पालक, जुळे सोलापूर

नमस्कार. सेट आत्ताच घेऊ नका, पण त्याचं म्हणणं उडवूनही लावू नका.

गिटारचा गेम असता तर मी लगेच नाही म्हटलं असतं. 2005 साली आलेल्या ‘गिटार हीरो’च्या गिटारवर पाच रंगीत बटणं असतात, तार एकही नसते. ‘रॉक बँड’च्या ड्रमला मात्र चार पॅड आणि पायाखाली पेडल असतं. दोन हात आणि एक पाय एकाच वेळी निरनिराळं काम करतात, ही सवय खऱ्या सेटवरही कामी येते. त्याचं वर्ष वाया गेलेलं नाही.

पण गेममध्ये लय गाण्यातून आयती मिळते. ड्रमरला ती स्वतः धरून इतरांना द्यावी लागते. आपल्या सोलापुरी लेझीममध्ये बघा, हलगीवाल्याने जरा घाई केली की अख्ख्या रांगेची पावलं चुकतात. शिवाय गेमच्या पॅडवर काठी कुठेही पडो, ऐकू येतो तो आधीच रेकॉर्ड झालेला ठोका. खऱ्या ड्रमवर काठी मधोमध पडली की काठाला, मनगट सैल होतं की आवळलेलं, सगळं ऐकू येतं.

म्हणून आधी काठ्यांची जोडी, रबरी प्रॅक्टिस पॅड आणि मोबाइलवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं ॲप. तीन महिने रोज अर्धा तास, टीव्ही बंद. मिनिटाला 60 ठोके, उजवा-डावा, बस्स. फार कंटाळवाणं असतं हे. तरीही न सांगता बसू लागला, तर शिक्षक गाठा. ड्रमचे शिक्षक जवळ नसतील तर तबला लावा. हाताचं तंत्र वेगळं, पण मात्रा मोजून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं तिथे पक्कं होतं. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षाही प्रारंभिकपासून विशारदपर्यंत देता येतात.

आणि गणित सुटू देऊ नका. ‘रॉक बँड’ बनवणारी हार्मोनिक्स कंपनी 1995 साली अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेल्या दोघांनी काढली. त्यांतले एरान एगोझी स्वतः क्लॅरिनेट वाजवतात. संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही येणाऱ्यांसाठी तीही एक वाट आहे.

तीन महिन्यांनी मला जरूर लिहा. मेट्रोनोम बंद केल्यावर त्याची लय किती वेळ टिकते, तेवढं कळवा. सेटचं तेव्हा ठरवू.